सोमवारपर्यंतचं गुपित

१

गोदामाचं शटर अर्धं उघडं होतं. छाप्याला आलेली माणसं बाहेरच थबकली. कुलूप तोडायला आणलेली पहार हातातच राहिली.

आत काही नव्हतं. बाटल्या नाहीत, खोकी नाहीत, औषध ढवळायचं मोठं पिंप नाही. फरशी पाणी मारून धुतलेली. मागच्या अंगणात राखेचा ढीग, वरून थंड, आतून अजून कोमट. मालक सकाळी पेपर वाचता वाचता चहा अर्धा टाकून उठला, असं शेजारच्या वेल्डिंगवाल्याने सांगितलं. त्यानंतर मालक कुणाला दिसला नाही. एक ट्रक मात्र दिसला होता. भरलेला.

त्या शनिवारच्या पेपरात पहिल्याच पानावर आलं होतं: या कारखान्याच्या मुलांच्या खोकल्याच्या सिरपमध्ये विषारी द्रव सापडला आहे, ते पिऊन मुलांची मूत्रपिंडं निकामी होत आहेत, मुलं दगावलीही आहेत, आणि सरकारला हे ठाऊक आहे. घरात बाटली असेल तर फेकून द्या. खाली बॅच नंबर होता आणि त्याखाली एक ओळ: ‘लेबल फाटलं असेल तर झाकण पाहा. या बाटल्यांना निळं झाकण आहे.’

ही गोष्ट सोमवारच्या छाप्यापर्यंत औषध नियंत्रण कार्यालयातल्या चार माणसांपलीकडे जायची नव्हती. बातमी फुटल्यावर छापा घाईघाईने त्याच दुपारी घातला, तोवर पाखरं उडाली होती.

संध्याकाळी कारखान्यामागच्या नाल्याजवळ एक बाई सापडली. झाकणं लावायच्या यंत्रावर बसणारी कामगार. जिवंत होती. तिचा उजवा हात मोडला होता, आणि मोडणाऱ्यांनी तिला एकच प्रश्न विचारला होता.

“सरकारला तूच सांगितलंस ना?”

२

दक्षता विभागाच्या तपास अधिकारी बाईंना सगळे चौकशीबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत. मग त्यांना स्वतःलाच ते नाव आवडलं आणि फोन उचलल्यावर त्याच “चौकशीबाई बोलतेय” म्हणू लागल्या. पन्नाशी ओलांडलेली, गोल चेहऱ्याची, कसलीच घाई नसलेली बाई. तिची रीत एकच: आधी घरचं विचारायचं, मग दारचं. माणूस कामाबद्दल खोटं बोलायची तयारी करून येतो. घराबद्दलची तयारी करायचं त्याला सुचत नाही.

“मला कारणं नकोत, बाई,” औषध नियंत्रणाचे संचालक म्हणाले. “कुणी फोडलं, तेवढं नाव द्या.”

“देते. पण विष आहे हे कळल्या कळल्या लोकांना का नाही सांगितलं?”

संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. थकलेले दिसत होते. “मागे एकदा सांगितलं होतं. दुसरा मालक, असंच औषध. दुपारी जाहीर केलं, संध्याकाळपर्यंत गोदाम रिकामं. तोच माल नवं लेबल लावून लांबच्या गावांत विकला. तिथली मुलं गेली. कोर्टात आमच्या हाती पुरावा काय, तर एक रिकामं खोकं. तो माणूस आज मोकळा फिरतोय. म्हणून या वेळी ठरवलं, आधी माल ताब्यात घ्यायचा, मग तोंड उघडायचं. बुधवारी बैठक झाली, सोमवारी छापा. मधले दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.”

“बैठकीला कोण होतं?”

“मी. प्रयोगशाळेच्या प्रमुख, तपासणी त्यांचीच. आमचे स्टेनो, अहवाल त्यांनी टाइप केला. आणि वकीलसाहेब, म्हणजे आमचे विधी अधिकारी. गुप्ततेचा आदेश त्यांनीच लिहिला. वर म्हणाले, जो फोडेल त्याला मी स्वतः कोर्टात उभा करीन.”

“आणि कारखान्यातल्या त्या बाईने खबर दिली होती, हे कुणाला ठाऊक होतं?”

“चौघांनाही. पण तिचं नाव पेपरात नाही आलं.”

“नाव कशाला लागतं? त्या पिंपाजवळ काम करणारी माणसं किती? मालकाला बेरीज येतेच की.”

चौकशीबाईंनी चहाचा कप पुढे ओढला.

“घरी कोण कोण असतं तुमच्या?”

“मी आणि मिसेस. मुलगी परगावी दिली.”

“नातवंडं?”

“एक नातू. दीड वर्षाचा.” त्यांचा चेहरा क्षणभर फुलला आणि लगेच मिटला. ते पुरेसं होतं.

“साहेब, मुलीला फोन केला होतात ना?”

संचालकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“औषधाचं नाव घेतलं नाही मी,” संचालक म्हणाले. “एवढंच म्हणालो, की बाळाला खोकल्याचं कुठलंही औषध देऊ नका. मुलगी म्हणाली, का हो बाबा? मी म्हटलं, का ते विचारू नको. बाई, तुम्ही असतात तर काय केलं असतं?”

३

पेपरच्या संपादिकेने चौकशीबाईंना आदराने बसवलं आणि आदरानेच सांगितलं की नाव मिळणार नाही.

“मी विचारलंच नाही अजून,” चौकशीबाई म्हणाल्या. “मला वेगळंच विचारायचंय. छापा सोमवारी आहे, हे तुम्हाला माहीत होतं?”

संपादिकेने खिडकीकडे पाहिलं. “होतं. आणणाऱ्याने सांगितलं होतं.”

“मग दोन दिवस थांबला नाहीत?”

“रात्रभर तोच विचार केला. मग एक हिशेब मांडला. सोमवारपर्यंत या शहरात त्या सिरपचे किती चमचे मुलांच्या तोंडात जातील? तो हिशेब मला पुरा करवेना. छापून टाकलं.” तिने समोरचा अंक उलटा ठेवला. “त्या बाईच्या हाताचं कळल्यापासून मात्र नीट जेवण जात नाही.”

“ती निळ्या झाकणाची ओळ तुमची?”

“नाही हो. आणणाऱ्याने सांगितली तशी छापली.”

चौकशीबाई तिथून थेट प्रयोगशाळेत गेल्या. प्रमुख बाई काचेच्या नळ्या धुवायला टाकत होत्या. घरी कोण, असं विचारताच त्या सरळ म्हणाल्या, “उगाच गोल गोल नको. आमचं एकत्र कुटुंब. जाऊबाईंचं बाळ पाच महिन्यांचं. त्यांना मी बुधवारीच सांगितलं, की बाळ खोकलं तर वाफ द्या, बाटली आणू नका. गुन्हा असेल तर लिहून घ्या.”

“घरात बाटली होती?”

“कधीच नव्हती. आमच्या सासूबाईंचा बाटलीतल्या औषधांवर विश्वास नाही. मी केमिस्ट असून!”

“पण तपासायला आली तेव्हा तुम्ही बाटली पाहिलीच असेल. झाकण निळं होतं?”

प्रमुखबाईंचे हात थांबले. “बाटली कुठून पाहणार? कुठल्या कंपनीचं औषध ते आम्हाला कळू नये म्हणून बाहेरगावची इस्पितळं ते साध्या बाटलीत ओतून, वर नुसता आकडा लावून पाठवतात. बॅच नंबर बंद पाकिटात, तो तपासणी झाल्यावर उघडायचा. झाकणाचं तर मी पेपरातच वाचलं.”

“तुमच्या अहवालात झाकणाचा उल्लेख?”

“एका अक्षराने नाही.”

म्हणजे बातमी देणाऱ्याने अहवालातलं तेवढं दिलं, आणि वर एक गोष्ट स्वतःची घातली. ती त्याला कागदावरून कळलेली नव्हती. त्याने कुठेतरी खरी बाटली हातात धरली होती.

४

स्टेनो निवृत्तीला आलेले होते. चौकशीबाई समोर बसताच त्यांचे डोळे भरून आले.

“मीच,” ते म्हणाले.

“तुम्हीच काय?”

“मीच सांगितलं. आमच्या खालच्या घरातल्या वहिनींना. त्यांची मुलगी आठवडाभर खोकत होती. अहवाल टाइप करताना कानात तिचाच खोकला. संध्याकाळी गेलो आणि म्हटलं, वहिनी, औषधाची बाटली द्या जरा, नातेवाइकाला दाखवायचीय. आणली आणि मोरीत ओतली. वर त्यांना म्हटलं, हे औषध पुन्हा घरात आणू नका. चाळीस वर्षांत कचेरीतली एक गोष्ट घरी नेली नव्हती.”

“पेपरात गेला होतात?”

“पेपरात?” म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवला. “नाही हो. पेपरात जायची माझी काय छाती! मी खालच्या मजल्यापर्यंतच गेलो.”

चौकशीबाईंनी त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांना थोडी हुशारी आली.

“पण एक सांगू? पेपर वाचून मला हायसं वाटलं. त्यात निळं झाकण लिहिलंय. मी ओतली ती पांढऱ्या झाकणाची. म्हणजे पोरीच्या पोटात विष गेलंच नाही म्हणायचं.”

“बॅच नंबर पाहिला होतात?”

“पाहिला की. नंबर तोच. टाइप केलेला आकडा माझी बोटं विसरत नाहीत.”

चौकशीबाईंनी पाण्याचा रिकामा पेला खाली ठेवला. हा माणूस खोटं बोलत असेल, तर बातमी देणारा हाच आणि चौकशी इथेच संपली. खरं बोलत असेल, तर शहरात या घडीला कितीतरी आया लेबल फाटलेली, पांढऱ्या झाकणाची बाटली पाहून म्हणत असतील, “बरं झालं, आपली ती नाही.”

५

इस्पितळात त्या कामगार बाईच्या उशाशी तिची सासू बसली होती. हात प्लास्टरमध्ये वर टांगलेला. चौकशीबाईंनी घरचं विचारलं नाही. या बाईचं आधीच पुरतं सांगून झालं होतं आणि त्याची किंमतही मोजून झाली होती.

“झाकणं कुठल्या रंगाची लावलीत त्या बॅचला?”

बाईने डोळे उघडले. “झाकणाचं आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळे पिंपाचंच विचारतात. आमची झाकणं पांढरी असतात. त्या दिवशी मध्येच संपली. मग मालकाने तेलवाल्याकडून निळ्यांचं पोतं आणलं. निम्म्यांना पांढरी, निम्म्यांना निळी.”

चौकशीबाई उठल्या त्या थेट बाहेरच्या फोनकडे. संचालकांना म्हणाल्या, “आत्ताच्या आत्ता रेडिओवर सांगा. झाकण बघू नका म्हणावं. पांढरं असो की निळं, सगळ्या बाटल्या टाका.”

तासाभराने घोषणा झाली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका घरातून फोन आला, की पांढरं झाकण पाहून आम्ही औषध चालूच ठेवलं होतं. त्या मुलाला धावतपळत दाखल केलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

बातमीतल्या अर्ध्या खऱ्याने एक मूल मरायला टेकलं होतं. पण त्याच ओळीने आणखी एक गोष्ट सांगितली. बातमी देणाऱ्याने निळ्या झाकणाची बाटली पाहिली होती आणि तेवढीच. पांढरी एकदाही नाही. स्टेनोंनी पांढरी पाहिली, ते सुटले. संचालकांनी फोनवरच काम भागवलं, प्रमुखबाईंच्या घरी बाटलीच नव्हती.

आता एकच माणूस उरला. आणि त्याच्या घरी लहान मूल नव्हतं.

६

विधी अधिकाऱ्यांना समोर सगळे वकीलसाहेब म्हणत, मागे कलमबहाद्दर. टेबलावर एक कागद वाकडा नव्हता, आणि ते स्वतःही तसेच, ताठ.

“घरी मी आणि माझी थोरली बहीण. अक्का. मी लग्न केलं नाही. आमच्याकडे मूल नाही, त्यामुळे फोन करून सांगावं असं कुणी नाही. तुम्ही बाकीच्यांना तेच विचारलंत ना?”

“तेच. तिघांनीही आपापल्या माणसाला सांगितलंय.”

त्यांच्या कपाळावर बारीक आठी उमटली. “तिघांनीही?”

“हो. तुम्ही?”

“माझ्या ओळखीच्या एकाही माणसाला मी काही बोललेलो नाही.”

ते चौकशीबाईंच्या नजरेला नजर देऊन बोलले. चौकशीबाईंना ते पटलंही. कार्यालयाचा जिना उतरताना मात्र त्या मध्येच थांबल्या. ओळखीच्या एकाही माणसाला नाही. एवढं मोजूनमापून कोण बोलतं?

वकीलसाहेब कार्यालयात असतानाच त्या त्यांच्या घरी गेल्या. तिसरा मजला. अक्कांनी दार उघडलं, पाहुणी बघून हरखल्या आणि दोन वाक्यं बोलून खोकल्या.

“बसा हो. हा मेला खोकला! बाळने माझं औषध फेकलं आणि या चघळायच्या गोळ्या आणून ठेवल्या. बाळ म्हणजे आमचे वकीलसाहेब. घोडा झाला तरी माझ्यासाठी बाळच.”

“कुठलं औषध फेकलं?”

अक्का लाजल्या. “लहान मुलांचं. हसू नका. मोठ्यांचं कडू असतं, माझ्याने गिळवत नाही. समोरच्या दारातल्या चिमुरडीला पण मीच द्यायची. तिची आई कामावर जाते ना. एक चमचा तिला, एक मला. बुधवारी बाळ आला, बाटली पाहिली आणि असा पांढराफटक पडला! एक शब्द न बोलता बाटली घेऊन गेला. झाकण तेवढं माझ्याकडे राहिलं.”

त्यांनी शिवणाचा डबा पुढे ओढला. टाचण्या ठेवायला त्यांनी त्यात एक झाकण ठेवलं होतं. निळं.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

७

वकीलसाहेबांनी आधी अक्कांकडे पाहिलं, मग उघड्या डब्याकडे.

“अक्का, मी बाईंना खाली सोडून येतो.”

जिन्यावर आल्यावर ते म्हणाले, “तिच्यासमोर नको. आपण विष प्यायलं हे तिला अजून माहीत नाही, पेपर मी तिच्या हाती लागू दिला नाही. मी डॉक्टरांकडून तपासून घेतलंय. ती ठीक आहे. समोरची पोरही.”

“चांगलं झालं. मग पेपरात का गेलात?”

ते एक पायरी उतरले. “बाटली मोरीत ओतली तेव्हा वाटलं, झालं. मग याच जिन्याने उतरत होतो. इथे, या दुसऱ्या मजल्यावर, दाराआड एक पोर खोकलं. मी दार वाजवलं. काय सांगू, कळेना. त्यांच्याकडे दुसरं औषध निघालं. पहिल्या मजल्यावरही विचारलं. रस्त्यावर आलो आणि बघतो तर समोर इमारतीच इमारती. प्रत्येकीत खिडक्या. कुठपर्यंत दारं वाजवणार? आणि माझ्या जिन्यातली पोरं वाचवून पुढच्या जिन्यातली सोडायची, हे कुठल्या कलमात बसवणार? तो आदेश मीच लिहिला होता. मला अजूनही वाटतं, तो चुकीचा नव्हता. पण दोन दिवसांनंतर माझ्याने राहवेना.”

“तिघांनी आपल्यापुरतं सांगितलं,” चौकशीबाई म्हणाल्या. “तुम्ही परक्यांना सांगितलं. म्हणून शोधावं लागलं तुम्हाला.”

“सापडलो, बरं झालं. शनिवारपासून मी स्वतःविरुद्धचं आरोपपत्र मनात लिहितोय. चांगलं जमलंय.”

चौकशीबाई हसल्या नाहीत. “एक विचारायचं राहिलं. त्या कामगार बाईचा जबाब कुणी घेतला होता?”

ते आणखी एक पायरी उतरले.

“मी,” ते म्हणाले. “नाव बाहेर जाणार नाही, असा शब्दही मीच दिला होता. संपादिकेला मी हात जोडून सांगितलं, की तिचा उल्लेख नको. मला वाटलं, तेवढं पुरे.”

“आणि बाईला काही सांगितलंत? शनिवारी बातमी येतेय म्हणून?”

वकीलसाहेब तिथेच जिन्यावर बसले. त्यांच्या कपड्यांना धूळ लागलेली आजवर कुणी पाहिली नव्हती.

“सगळ्या शहराचा विचार केला हो मी,” ते म्हणाले. “ती कशी राहून गेली?”

८

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीत चौघेही बसले होते. चौकशीबाईंनी अहवाल टेबलावर ठेवला.

“यात चार नावं का आहेत?” संचालकांनी विचारलं. त्यात पहिलं त्यांचंच होतं.

“गुपित कुणी फोडलं, असं तुम्ही विचारलंत. चौघांनी फोडलं. तिघांनी आपल्यापुरतं, एकाने सगळ्यांसाठी. कुणाला काय शिक्षा, ते वरचे बघतील. पण एकालाच चोर म्हणणारा कागद माझ्या सहीने जाणार नाही.”

संचालक रागावले नाहीत. ते वकीलसाहेबांकडे वळले. “तो ट्रक कुठे असेल, हे रोज माझ्या डोक्यात फिरतं. तुम्ही सोमवारपर्यंत थांबला असतात तर तो इथे, माझ्या आवारात असता. आता ती बाटली कुठल्या गावच्या दुकानात, कुठल्या नव्या नावाने उभी असेल? तिथली आई तर आपला पेपर वाचत नाही.”

“खरं आहे,” वकीलसाहेब म्हणाले.

“हेही खरं आहे,” प्रमुखबाई मध्येच बोलल्या, “की शनिवारनंतर इथल्या इस्पितळांत त्या आजाराचं एकच मूल आलं. तेही पांढऱ्या झाकणाचं. त्याआधी रोज येत होती.”

स्टेनोंनी हळूच विचारलं, “मग भलं जास्त झालं की वाईट?”

सगळ्यांनी चौकशीबाईंकडे पाहिलं.

“माझ्याकडे तराजू नाही,” त्या म्हणाल्या. “वाचली ती मुलं खरी, आणि ट्रक जाईल तिथली मुलंही खरी. मला एवढंच दिसतं, की आदेश काढताना तुम्ही चौघांनी आयांना मोजलं नाही आणि बातमी देताना वकीलसाहेबांनी त्या बाईला मोजलं नाही. दोन्ही वेळा ज्यांच्या जिवाशी गाठ होती, त्यांना कुणी विचारलं नाही.”

वकीलसाहेब उभे राहिले. राजीनामा त्यांनी आदल्या दिवशीच लिहिला होता. आपल्यावर कुठलं कलम लागतं तेही त्यांनीच सांगितलं, कारण बाकी कुणाला ते नीट माहीत नव्हतं.

“आता जाऊ का?” त्यांनी चौकशीबाईंना विचारलं. “एका ठिकाणी आधीच जायला हवं होतं.”

९

कामगार बाईने त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. सासू पदराने डोळे पुसत होती, ही मात्र छताकडे बघत होती. चौकशीबाई दाराशी उभ्या राहिल्या.

“बातमी दिलीत ते चांगलं केलंत,” बाई अखेर म्हणाली. “मी खबर दिली ती कशाला? पोरं वाचावीत म्हणूनच ना. पण साहेब, मला आदल्या दिवशी निरोप नाही द्यायचा? एक फोन? मी सासूबाईंना घेऊन माहेरी गेले असते. बस, एवढंच झालं असतं.”

“हो,” वकीलसाहेब म्हणाले.

बाईने मान वळवली. “तो ट्रक मालकाच्या मेव्हण्याचा. मी नाल्याजवळ पडले होते तेव्हा समोरून गेला. त्याची शेड कुठे आहे, तेही मला माहीत आहे. आजवर बोलले नाही. म्हटलं, उरलेला हात तरी राहू दे. पण गप्प बसून माझं काय वाचलं? आता मला सांगायचंय. माझ्या नावानिशी. पेपरात येऊ दे, कोर्टात येऊ दे.”

वकीलसाहेब पुढे झुकले. “ट्रकचं आत्ता सांगा, पोलीस लगेच निघतील. पण नाव जाहीर करू नका. बंद खोलीत साक्ष देता येते, कायद्यात तशी सोय आहे. नाव बाहेर गेलं तर धोका तुम्हाला आहे, या आजींना आहे. तुमच्या मर्जीशिवाय या वेळी एक शब्द बाहेर जाणार नाही. आज ठरवू नका. नीट विचार करा.”

“या वेळी विचारताय, हे बरं केलंत,” बाई म्हणाली. मग तिने सासूकडे पाहिलं. म्हातारीने बराच वेळ विचार केला आणि होकाराची मान हलवली.

“लिहा. नावासकट,” बाई म्हणाली.

शेड परगावी, हमरस्त्यापासून आत होती. पोलीस पोचले तेव्हा बाटल्यांवर नवी लेबलं चिकटवायचं काम चालू होतं. बहुतेक माल मिळाला, मालकही मिळाला. काही खोकी आधीच गेली होती. ती शोधायला संचालक स्वतः गावोगाव फिरले आणि अखेरपर्यंत सगळी सापडली असं त्यांनी कधीच म्हटलं नाही.

वकीलसाहेबांवर खटला उभा राहिला. त्याची तारीख पडेपर्यंत ते रोज इस्पितळात येत आणि बाईच्या खाटेशी स्टुलावर बसून तिच्या साक्षीची तयारी करून घेत. समोरचा वकील काय विचारेल, कुठे चिडवेल, कुठे थांबायचं, सगळं. फी विचारली तेव्हा त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

एका संध्याकाळी ते कागद गोळा करून उठले, तेव्हा बाई म्हणाली, “तुम्हाला माफ केलं असं मी म्हटलेलं नाही हां, साहेब.”

“नाही,” ते म्हणाले. “मला माहीत आहे.”

“मग उद्या वेळेवर या. आज अर्धा तास उशीर केलात.”